धन आयन विनिमय (मृदेतील)

धन आयन विनिमय : मातीच्या सूक्ष्म कणांनी धरून ठेवलेले धन विद्युत् भाराचे आयन आणि मातीतल्या पाण्यात विरघळलेले आयन यांची होणारी अदलाबदल. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम ही पोषकद्रव्ये यामुळेच पावसाबरोबर सहज वाहून जात नाहीत. नायट्रेटचा भार ऋण. ते मात्र झिरपून जाते.

इंग्लंडमध्ये यॉर्क येथील एच. एस. टॉमसन यांनी १८४५ च्या सुमारास मातीच्या थरावर अमोनियम सल्फेटचे द्रावण ओतले. खालून बाहेर आले ते मुख्यतः कॅल्शियम सल्फेट. जॉन टॉमस वे यांनी १८५० पासून याचा पाठपुरावा केला. अदलाबदल समतुल्य प्रमाणात व झटपट होते आणि तिचे श्रेय वाळूला नव्हे, चिकणमातीला जाते, हे त्यांनी दाखवले. ती उलट दिशेने होत नाही, हा त्यांचा समज मात्र पुढे खोटा ठरला.

चिकणमातीच्या स्फटिकांत काही ठिकाणी सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम किंवा ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसलेले असते. त्यामुळे कणावर कायमचा ऋण भार राहतो. सेंद्रिय पदार्थांवरील भार मात्र सामूनुसार (पीएच) कमीजास्त होतो. धारणेची क्षमता दर किलो मातीमागे सेंटिमोलमध्ये सांगतात : चिकणमातीच्या खनिजांपैकी केओलिनाइट ३ ते १५, स्मेक्टाइट ८० ते १२०, तर चांगल्या कुजलेल्या ह्यूमसची २०० च्या आसपास. दख्खनच्या काळ्या भारी जमिनीत स्मेक्टाइट भरपूर. कोकणच्या जांभ्या मातीत केओलिनाइट आणि लोहाची ऑक्साइडे; तिथे शेणखत आणि पालापाचोळा नुसता भुसभुशीतपणा आणत नाही, पोषकद्रव्ये धरायला जागाही देतो. अशा कमी क्षमतेच्या जमिनीत पालाश (पोटॅशियमचे खत) एकदम न देता हप्त्यांनी दिलेला बरा.

क्षमतेचा आकडा मोठा म्हणजे जमीन चांगली, असे मात्र नाही. त्या जागा कोणी अडवल्या आहेत, हे पाहावे लागते. विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांवर गेले की कण विखुरतात आणि जमीन चोपण होते : ओली असता चिकट, वाळली की ढेकळे दगडासारखी, पाणी वरच साचलेले. यावर जिप्सम घालतात. त्यातले कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावते, पण चर किंवा निचरा नळ्यांतून पाणी बाहेर काढले नाही तर सुटलेले सोडियम शेतातच राहते आणि जिप्समचा खर्च वाया जातो.