जीर्ण इंजिन : परीक्षा आणि निर्णय

घर्षणाने पृष्ठभागावरील धातू कमी होणे म्हणजे झीज. ती मर्यादेपलीकडे जाऊन वायूचा रोध किंवा ऑईलचा दाब टिकेनासा झाला, की त्या अवस्थेस जीर्णता म्हणावे. बिघाड याहून भिन्न होय. नोझल किंवा डिझेल पंप सदोष असला तरी काळा धूर येतो आणि ओढ घटते. तेवढ्यावरून इंजिन जीर्ण ठरत नाही. निळसर धूर, ऑईलचा वाढता खप आणि ऑईलचे झाकण काढताच उसळणारा वायू, ज्यास मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, ही लक्षणे एकत्र आढळल्यासच इंजिन खोलावे.

करमाळा तालुक्यातील जेऊर परिसरात, उजनीच्या पाण्यावर पिकणारी केळी मळ्यातून रस्त्यावर आणणारी जुनी बोलेरो पिकअप उदाहरणादाखल घेऊ. 2523 सीसीच्या तिच्या चार सिलिंडरी डिझेल इंजिनाचा मुख्य शत्रू धूळ. धुळीतील सिलिका लोखंडाहून कठीण असते. तिचे प्रवेशमार्ग दोन : (1) हवेबरोबर, म्हणजे फाटका एअर फिल्टर किंवा त्याच्या पुढचा सैल होज, (2) ऑईलबरोबर. पहिल्या मार्गाने मुख्यतः वरची रिंग आणि सिलिंडरचा वरचा भाग झिजतो, दुसऱ्याने ऑईल रिंग आणि बेअरिंगे. म्हणून झिजेचे स्थान हेच कारणाचे प्रमाण होय. सुटे भाग धुण्यापूर्वी ते पाहून ठेवावे, आणि कारण दूर केल्यावाचून नवा भाग बसवू नये.

यानंतर मापन. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये व खाली, परस्परलंब दोन दिशांनी मोजावा. पातळ्यांमधील फरक म्हणजे निमुळतेपणा, दिशांमधील फरक म्हणजे अंडाकृतिपणा. वरच्या भागात दाब व उष्णता सर्वाधिक आणि ऑईलचा थर सर्वात पातळ असल्याने तेथील माप निर्णायक असते.

मापे मर्यादेत असतील तर रिंगा बदलणे पुरेसे. मर्यादा ओलांडली असेल तर बोर करून ओव्हरसाइझ पिस्टन किंवा नवे लायनर, आणि क्रँक घासून त्या मापाची बेअरिंगे. खर्च वाचविण्यासाठी मर्यादेपलीकडे झिजलेल्या बोरमध्येच नव्या रिंगा घालण्याची प्रथा मात्र सर्वथा त्याज्य आहे. अंडाकृती पोकळीत गोल रिंग सर्वत्र टेकत नाही, आणि गेलेली मजुरी परत मिळत नाही.

ब्लॉक फुटला असेल किंवा क्रँक शेवटच्या मापापलीकडे गेला असेल, तरच इंजिन बदलावे. जुन्या बाजारातील इंजिनाचा पूर्वेतिहास अज्ञात असतो. त्यासही वरील सर्व मापन लागू होते. शिवाय इंजिनाचा क्रमांक बदलत असल्याने मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार त्याची नोंद करून घ्यावी लागते. जेऊरच्या वाहनधारकास त्यासाठी अकलूजचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे.