अश्मीभूत वन, ॲरिझोना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागातील, शिळारूप झालेल्या वृक्षखोडांसाठी प्रसिद्ध असलेला वाळवंटी प्रदेश. हॉलब्रुक या गावाच्या पूर्वेस असलेला हा प्रदेश १९०६ पासून संरक्षित असून १९६२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. ‘वन’ या शब्दाने मनात उभे राहणारे चित्र येथे दिसत नाही. उघड्या, रंगीत मातीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी ठोकळ्यांप्रमाणे तुकडे पडलेली खोडे विखुरलेली असून जवळजवळ सर्वच आडवी आहेत. मूळ जागी उभे राहिलेले बुंधे थोडे आहेत. वाळवंटाचा या वृक्षांच्या जीवनाशी काहीही संबंध नाही. ते वाढले तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताजवळ होता व त्यावरून मोठ्या नद्या वाहत होत्या. वाळवंटाने केले ते एवढेच, की झाडोरा व मातीचे आच्छादन नसल्याने गाडली गेलेली खोडे उघडी पडली व दिसू लागली. ईजिप्तमध्ये कैरोजवळ आणि राजस्थानात जैसलमेरजवळील आकल येथे आढळणाऱ्या अश्मीभूत खोडांचीही स्थिती अशीच आहे. आकल येथील खोडे जुरासिक काळातील असून आजच्या थरच्या वाळवंटाशी त्या काळच्या हवामानाचे काही साम्य नव्हते.

ॲरिझोनातील खोडे उत्तर ट्रायासिक काळातील (सु. २२·५ ते २०·७ कोटी वर्षांपूर्वीच्या) चिनले शैलसमूहात आढळतात. पुराने उन्मळून पडलेले वृक्ष वाहत येताना त्यांच्या फांद्या व बरीचशी साल निघून गेली आणि उरलेली खोडे गाळात पुरली गेली. गाळात प्राणवायू कमी असल्याने लाकूड कुजण्याची क्रिया मंदावली. गाळाबरोबर आलेल्या ज्वालामुखी राखेतील सिलिका भूमिजलात विरघळून लाकडाच्या कोशिकांत शिरली व तेथे निक्षेपित झाली. पुढे तिचे क्वॉर्ट्‌झमध्ये रूपांतर झाले. लोहाच्या ऑक्साइडांमुळे तांबडा, पिवळा व तपकिरी, तर मँगॅनिजामुळे काळसर रंग आला. जमीन उचलली जात असताना या ठिसूळ दगडी खोडांना आडवे तडे गेले. ती करवतीने कापल्यासारखी दिसतात ती यामुळेच; कोणी लाकूडतोड्याने ती कापलेली नाहीत, असे पाहुण्यांना आजही सांगावे लागते.

रंग आणि रचना यांच्यातील विरोध या वनाच्या साऱ्या इतिहासात पुन:पुन्हा प्रत्ययास येतो. सिलिका कोशिकांच्या पोकळ्यांत भरली आणि कोशिकाभित्ती टिकून राहिल्या, तर लाकडाची सूक्ष्म रचना जशीच्या तशी राहते. याउलट मूळ द्रव्य नाहीसे होऊन त्या जागी क्वॉर्ट्‌झचे मोठे स्फटिक वाढले, तर खोडाचा बाह्य आकार तेवढा राहतो. आतील रचना पुसली जाते. सर्वांत भडक रंगांची व स्फटिकांनी भरलेली खोडे बहुधा या दुसऱ्या प्रकारची असतात. म्हणजे संग्राहकाला जो तुकडा सर्वाधिक मोहक वाटतो, तो वनस्पतिवैज्ञानिकाला पुष्कळदा निरुपयोगी असतो आणि वैज्ञानिकाला हवा असलेला मळकट, काळा वा तपकिरी तुकडा इतरांच्या लेखी साधा दगड ठरतो.

वाळवंटात असा तुकडा ओळखताना प्रथम तो खरोखरच लाकडाचा आहे की नाही, हे पाहावे लागते. पट्टे असलेला चर्ट किंवा लांबट आकाराचा वालुकाश्म दुरून खोडासारखा भासतो. अश्मीभूत लाकूड पोलादी चाकूने ओरखडत नाही व आकारमानाच्या मानाने बरेच जड असते. एक घनफूट तुकड्याचे वजन ७० किग्रॅ.हून अधिक भरते. परंतु हे गुणधर्म कोणत्याही सिलिकामय खडकात आढळतात. खरी खूण म्हणजे आडव्या छेदात मध्यापासून बाहेर जाणारे किरण आणि उभ्या बाजूस दिसणारी तंतुमय ठेवण. येथील काही जाती हातातील भिंगानेही वेगळ्या काढता येतात : वुडवर्थिया खोडाच्या पृष्ठभागावर आखूड फांद्यांच्या खुणा असलेले लहान खळगे असतात, तर शिल्डेरियात रुंद किरण ठळकपणे दिसतात. बहुसंख्य खोडांच्या बाबतीत मात्र सूक्ष्मदर्शकाखेरीज निर्णय होत नाही. हिऱ्याच्या करवतीने आडवा, त्रिज्यीय व स्पर्शरेषीय असे तीन काप काढून ते काचपट्टीवर चिकटवतात व सु. ०·०३ मिमी. जाडीपर्यंत घासतात, मग प्रकाश त्यांतून आरपार जाऊ शकतो. शंकुमंत वृक्षांच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या लांबट कोशिकांच्या एकसारख्या रांगा असतात. त्यांच्या भित्तींवरील खाचा कशा रचलेल्या आहेत, यावरून त्या लाकडाचे नाते ठरविले जाते. अर्थात एवढे करूनही जे नाव मिळते ते लाकडाचे. पाने, शंकू व परागकण वेगळे सापडतात आणि त्यांना वेगळी नावे असतात. एका वृक्षाचे हे सर्व भाग एकत्र जुळविण्यासाठी कोणता भाग कोणत्या थरात, कशाच्या शेजारी मिळाला, हे ठाऊक असावे लागते.

या दगडांचे पहिले संग्राहक येथील मूळ रहिवासी होत. सिलिकेला शंखासारखा गुळगुळीत, धारदार भंग असल्याने त्यांनी तिची बाणाग्रे व खरवडण्या बनविल्या. दक्षिण भागातील ‘ॲगेट हाउस’ ही आठ खोल्यांची वास्तू तर अश्मीभूत लाकडाच्या ठोकळ्यांनीच बांधलेली होती. तिचा काळ सु. १०५० ते १३०० च्या दरम्यानचा मानतात. या खोडांविषयी त्यांचे स्वत:चे स्पष्टीकरणही होते. नवाहो लोक त्यांना यीत्सो या मारल्या गेलेल्या राक्षसाची हाडे समजत, तर पायूट लोक शिनावाव या देवतेचे मोडलेले बाण मानीत. खोडे उन्मळलेल्या वृक्षांची आहेत हे न सांगणाऱ्या या कथांत, ती एके काळी दुसरे काही होती व आता दगड झाली आहेत, हे निरीक्षण मात्र आलेले आहे.

अमेरिकन सैन्याच्या भूमापन पथकांनी १८५० नंतर या प्रदेशाची लेखी नोंद केली. १८५१ मध्ये लोरेन्झो सिटग्रीव्ह्‌ज यांच्या पथकाने अश्मीभूत लाकूड पाहिले. रेल्वेमार्गाची पाहणी करणारे एमिएल व्हिपल यांचे पथक डिसेंबर १८५३ मध्ये येथून गेले व त्यांनी एका कोरड्या ओढ्याला ‘लिथोडेंड्रॉन’ (शिलावृक्ष) असे नाव दिले. पथकातील जर्मन चित्रकार बाल्डूइन मोलहाउझेन यांनी नमुने गोळा केले. वाहतुकीची साधने तुटपुंजी असल्यामुळे लहान तुकड्यांवरच समाधान मानावे लागले. त्यांवरून विविधता कळते, पण खोडांचा प्रचंडपणा कळत नाही, अशी खंत त्यांनी नोंदविली आहे. ते तुकडे जर्मन पुरावनस्पतिवैज्ञानिक हाइन्‍रिक गपर्ट यांनी तपासले व त्यांतील एका जातीला मोलहाउझेन यांचे नाव दिले. ॲरिझोनाच्या या लाकडाला मिळालेले ते पहिले शास्त्रीय नाव होय.

यानंतरचा महत्त्वाचा संग्रह सेनापती विल्यम टेकम्से शर्मन यांच्या इच्छेमुळे झाला. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेसाठी येथील मोठे नमुने पाठवावेत, अशी त्यांची सूचना होती. तीनुसार लेफ्टनंट जे. टी. सी. हेगेवाल्ड यांनी १८७९ मध्ये लिथोडेंड्रॉन ओढ्यातून दोन खोडे नेली. हेगेवाल्ड वैज्ञानिक नव्हते. परंतु खोडे कोठून उचलली हे त्यांनी लिहून ठेवले. पुढच्या कित्येक हौशी संग्राहकांनी एवढेही केले नाही. याच सामग्रीचे छेद व न्यू मेक्सिकोतील एक नमुना यांवरून फ्रँक हॉल नोल्टन यांनी १८८९ मध्ये ॲरॉकॅरिऑक्सिलॉन ॲरिझोनिकम ही जाती प्रस्थापित केली. पुढील शंभरावर वर्षे वनातील बहुतेक प्रत्येक मोठ्या खोडाला हेच नाव दिले गेले. संग्रहालयांतील पाट्यांवर व दुकानांतील चिठ्ठ्यांवरही तेच झळकले. २००७ मध्ये रॉडनी सॅव्हिज यांनी नोल्टन यांचे मूळ छेद पुन्हा तपासले, तेव्हा त्या एका नावाखाली एकाहून अधिक प्रकारचे लाकूड एकत्र केले गेले आहे, असे त्यांना दिसून आले. सव्वाशे वर्षांपूर्वीचा निर्णय असा पुन्हा तपासता आला, कारण छेद जपलेले होते व त्यांचे मूळ स्थळ नोंदलेले होते.

रेल्वेमार्ग १८८० नंतरच्या काही वर्षांत या प्रदेशातून गेला आणि दगड वाहून नेण्याची अडचण संपली. ॲडमाना या लहान स्थानकावर प्रवासी उतरू लागले. स्फटिक व ॲमेथिस्ट मिळविण्यासाठी खोडे सुरुंगाने फोडली गेली. साउथ डकोटातील सू फॉल्स येथे या दगडाला झिलई करून मेजांचे पृष्ठभाग व शोभेच्या वस्तू बनविण्याचा धंदा चालू झाला. क्वॉर्ट्‌झचे चूर्ण अपघर्षक म्हणून वापरण्याच्या उद्देशाने खोडे भरडण्याची एक गिरणीही ॲडमाना येथे उभारली गेली; कॅनडातील कुरुविंद स्वस्त मिळू लागल्याने ती चालू झाली नाही, असे सांगतात. वनाचे मोठे संकट असे टळले ते कोणाच्या जागरूकतेने नव्हे, तर बाजारभावाने.

जागरूकता नव्हती असे मात्र नाही. ॲरिझोना प्रांताच्या विधिमंडळाने १८९५ मध्ये संरक्षणासाठी काँग्रेसला विनंती केली. १८९९ मध्ये लेस्टर फ्रँक वॉर्ड यांनी प्रत्यक्ष पाहणी केली व हा प्रदेश राष्ट्रीय संपत्ती म्हणून राखून ठेवण्याची शिफारस केली. जून १९०६ मध्ये पुरावस्तू संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी ८ डिसेंबर रोजी अध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी हे वन राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केले. निसर्गलेखक जॉन म्यूर १९०५-०६ मध्ये मुलीच्या प्रकृतीसाठी ॲडमाना येथे राहिले होते. त्यांनी निळसर टेकड्यांमधील एका भागाला ‘ब्लू फॉरेस्ट’ असे नाव दिले व तेथे जीवाश्म गोळा केले. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील ॲनी अलेक्झांडर यांनी याच भागात प्राण्यांचे जीवाश्म शोधले आणि त्यांच्यामागून चार्ल्स कँप यांनी मगरीसारख्या फायटोसॉर या सरीसृपांचे नमुने मिळविले. लायमन डॉहर्टी यांचा ॲरिझोनाच्या उत्तर ट्रायासिक वनस्पतींवरील ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लाकडाखेरीज पाने व इतर अवशेषांचाही विचार असल्यामुळे, नुसत्या खोडांवरून न समजणारी वनश्री प्रथमच डोळ्यांपुढे आली.

संरक्षणाचे सर्वच प्रयत्न आज पटतील असे नाहीत. ओहोळावर पुलाप्रमाणे आडवे पडलेले सु. ३४ मी. लांबीचे ‘ॲगेट ब्रिज’ हे खोड कोसळू नये म्हणून १९११ मध्ये खांब बांधले गेले व १९१७ मध्ये त्याखाली काँक्रीटची तुळई बसविली गेली. ती अद्याप तेथे आहे. झीज हीच ज्या वनाला उजेडात आणणारी क्रिया, तेथे एका खोडापुरती ती थांबविण्याचा आग्रह आता कोणी धरणार नाही.

राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला त्याच वर्षी, १९६२ मध्ये, अश्मीभूत लाकडाविषयी एक स्वतंत्र कायदा झाला. त्याने इतर सार्वजनिक जमिनींवर खासगी हौशीसाठी लाकूड वेचण्यास मुभा दिली. प्रचलित नियमांनुसार एका व्यक्तीस दिवसाला २५ पौंड (सु. ११ किग्रॅ.) व आणखी एक तुकडा, वर्षाला एकूण २५० पौंडांपर्यंत नेता येतो, विक्रीस बंदी आहे. उद्यानात मात्र एक खडाही उचलता येत नाही. याशिवाय खासगी कुरणांतील लाकूड हॉलब्रुकच्या दुकानांत रीतसर विकले जाते. कुंपणाच्या अलीकडचा तुकडा व पलीकडचा तुकडा यांत डोळ्यांना काही फरक दिसत नाही.

उद्यानातून वर्षाला १२ ते १४ टन लाकूड चोरीस जाते, असे पाहुण्यांना अनेक वर्षे बजावले जात होते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पायवाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवून या इशाऱ्याचा परिणाम तपासला. पूर्वीच्या अनेकांनी लाकूड नेल्यामुळे वनाची स्थिती बदलली, असे सांगणारी पाटी असताना ७·९२ टक्के तुकडे नाहीसे झाले. लाकूड नेऊ नये एवढेच सांगणारी पाटी असताना १·६७ टक्के. इतर जण नेतात हे कळल्याने नेणे अधिकच सहज वाटू लागते, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे उद्यानाचे पुराजीववैज्ञानिक विल्यम पार्कर यांनी जुनी छायाचित्रे मिळवून त्याच जागांची नवी छायाचित्रे घेतली. पुष्कळ ठिकाणी दशकानुदशके पडलेली खोडे व तुकडे जागच्या जागी आढळले. वन वेगाने रिते होत आहे ही समजूत त्यामुळे सोडून देण्यात आली आणि पाहुण्यांना दिला जाणारा संदेशही सौम्य झाला.

नेलेले तुकडे परतही येतात. १९३० नंतरच्या दशकापासून टपालाने येणाऱ्या अशा पुडक्यांसोबत बहुधा पत्र असते : दगड घरी आणल्यापासून आजारपण आले, नोकरी गेली, संसार मोडला, कृपया तो जेथून आणला तेथे ठेवावा. काही पत्रे मुलांच्या हस्ताक्षरात असून काहींत उचलल्याची जागाही वर्णिलेली असते. ही विनंती पुरी करता येत नाही. वनातील थरांच्या वयांत लाखो वर्षांचे अंतर आहे. एका थरातील तुकडा दुसऱ्यावर ठेवला, तर पुढील संशोधकाला तो तेथलाच वाटेल. म्हणून परत आलेले दगड पाहुण्यांच्या वाटांपासून दूर, उद्यानाच्या एका सेवामार्गाच्या कडेला टाकतात. त्या ढिगाला ‘कॉन्शन्स पाइल’ म्हणजे सदसद्‌विवेकाचा ढीग असे नाव पडले आहे. त्यातील लाल, पिवळे व जांभळट तुकडे खऱ्या अश्मीभूत लाकडाचेच आहेत, पण ते कोणत्या खोडाचे व कोणत्या थरातील, हे आता ठरविता येत नाही.