मुधोळकर पेठ म्हणजे नुसता पत्ता नव्हे

अमरावतीत मुधोळकर पेठेचा पत्ता आपण रोज सांगतो. पण हे मुधोळकर कोण, असं विचारलं की भलेभले गप्प होतात. मीही बरीच वर्षं त्यातलाच होतो.

रघुनाथ नरसिंह मुधोळकर. जन्म १८५७, धुळ्याचा. शिकले मुंबईत, वकिली आपल्या अमरावतीत. १८९० मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जींसोबत काँग्रेसच्या शिष्टमंडळात विलायतेला गेले. १९१२ मध्ये बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण मला त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं.

वऱ्हाडाचा कापूस गाठी बांधून मुंबईला जायचा अन् कापड होऊन परत यायचा. पिकवणारे आपण, कमावणारे दुसरेच. हे ओळखून त्यांनी बेरार ट्रेडिंग कंपनी काढण्यात पुढाकार घेतला. १९०५ मध्ये बनारसला औद्योगिक परिषद सुरू झाली. तिचे ते चिटणीस होते अन् तिचा कारभार अमरावतीतून चाले!

वकिलाचं कारखान्यात काय काम? कारखान्याला नुसता पैसा पुरत नाही. शंभर जणांचा पैसा एकत्र आणायचा तर भाग, करार, जबाबदारी कागदावर पक्की लागते. त्याच काळात अमेरिकेत एल्बर्ट गॅरी हा शिकागोचा वकील पोलादाच्या धंद्यात शिरला. १९०१ मध्ये बँकर मॉर्गनच्या बळावर यू. एस. स्टील उभी राहिली, भांडवल १४० कोटी डॉलर. गॅरी तिचा प्रमुख. १९०६ मध्ये त्याच्या नावाचं शहर वसलं. तिथले मजूर मात्र बारा-बारा तास राबत, अन् १९१९ चा त्यांचा संप कंपनीने मोडून काढला. तेही विसरू नये.

मुधोळकरांच्या पाठीशी ना मॉर्गन होता, ना आपलं सरकार. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. दादासाहेब खापर्डे टिळकांसोबत गेले, मुधोळकर मवाळांत राहिले. आपण जहालांना डोक्यावर घेतलं अन् यांना पेठेच्या पाटीवर ठेवलं. १९२१ मध्ये ते गेले.

आता २० सप्टेंबर २०२४ ला अमरावतीच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन झालं. चांगलंच आहे. पण अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल आपण बंद पडताना पाहिल्या. म्हणून मी एकच विचारतो: या पार्कात वऱ्हाडी माणसाचा भाग किती राहील? की आपल्या वाट्याला पुन्हा फक्त गाठी बांधणंच?

सांगा बाप्पा, तुम्हाला काय वाटतं?