हरसिद्धीच्या दीपमाळा

आमची आजी इंदूरहून उज्जैनला गेली की महाकाळाच्याही आधी हरसिद्धीला जायची. हे शक्तिपीठ, सतीचं कोपर इथं पडलं म्हणतात. पण आजीची खरी ओढ अंगणातल्या दोन उंच दीपमाळांची. दोन्ही मिळून हजारावर दिवे, बांधणी मराठेशाहीतली. १८व्या शतकात उज्जैन शिंद्यांकडे आलं. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी महाकाळाचं देऊळ पुन्हा उभारलं. दीपमाळा त्याच राजवटीची खूण. आजी त्यांना कधी 'दीपस्तंभ' म्हणाली नाही.

परवा मुलाला नेलं. "बाबा, ये दीपस्तंभ किसने बनवाए?" घरीही हल्ली हिंदीच! म्हटलं, आधी 'दीपमाळ' म्हण, मग सांगतो. 'ळ'ला दोनदा अडखळला, तिसऱ्यांदा जमलं. तोवर माणसं सरसर वर चढून दिवे लावू लागली होती.