पोटाच्या पथ्यासाठी २४ तासांचे घरगुती दही

दुधाने पोट फुगणे, जुलाब होणे अशा तक्रारी असणाऱ्यांना डॉक्टर दूध बंद करायला सांगतात. मग घरात दावणीला गाय असूनही दहीसुद्धा बंद होते. ते दर वेळी आवश्यक नसते. त्रास दुधातील लॅक्टोज या साखरेचा असेल, तर जास्त वेळ विरजलेले दही अनेकांना पचते. मात्र दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असल्यास कोणतेही दही चालत नाही. त्यामुळे आधी निदान करून घ्यावे.

गाईच्या किंवा म्हशीच्या दुधात साधारण ४.५ ते ५ टक्के लॅक्टोज असते. शेळीच्या दुधातही ते फारसे कमी नसते; ते खूप कमी असते हा गैरसमज आहे. विरजणातील जिवाणू लॅक्टोज खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. दही ६ ते ८ तासांत घट्ट होते, पण तोपर्यंत बरीच साखर शिल्लक असते. विरजण्याचा काळ वाढवला की ती आणखी कमी होते. आतड्याच्या आजारांसाठी सांगितल्या जाणाऱ्या ‘स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट’मध्ये म्हणूनच दही २४ तास विरजायला सांगतात. तरीही लॅक्टोज पूर्ण शून्य होईलच असे नाही.

दूध कोणते घ्यावे?

इथे पशुपालकाने सर्वांत जास्त लक्ष द्यावे. कासदाह (दगडी) किंवा इतर आजारासाठी प्रतिजैविक दिलेल्या जनावराचे दूध, औषधाच्या लेबलवरील वर्ज्य काळ संपेपर्यंत वापरू नये. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही. आणि दही लागलेच, तरी औषधाचा अंश रुग्णाच्या पोटात जातो. ‘विरजण खराब झाले’ म्हणून शेजारून दुसरे आणण्याआधी गोठ्यातील उपचारांची नोंद पाहावी. चीक किंवा दगडी झालेल्या सडाचे दूधही घेऊ नये. स्निग्ध पदार्थ सोसत नसल्यास साय काढून घ्यावी.

कृती

१ लीटर दूध उकळून मंद आचेवर ५ ते १० मिनिटे ठेवावे. नंतर ४० ते ४२ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे करंगळीला सोसवेल इतके कोमट होऊ द्यावे. त्यात २ मोठे चमचे ताजे, साधे दही फेटून मिसळावे. विरजणाच्या दह्यात साखर, स्टार्च किंवा दूध पावडर नसावी. पावडर घातल्याने दही घट्ट दिसते, पण लॅक्टोज वाढते.

भांडे काचेचे, स्टीलचे किंवा मातीचे घ्यावे. तांब्या-पितळेचे नको. भांडे झाकून ३८ ते ४२ अंशांत २४ तास ठेवायचे असते, आणि हिवाळ्यात अडचण इथेच येते. थर्माकोलच्या खोक्यात गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून दर ४ ते ५ तासांनी पाणी बदलावे. थर्मामीटर असल्यास उत्तमच. तापमान ५० अंशांच्या वर गेल्यास जिवाणू मरू लागतात. या काळात भांडे हलवू नये.

दही आंबट होणारच. वर पाणी सुटणे हेही नैसर्गिक आहे. हे दही कापडात बांधून चक्का केल्यास निवळीबरोबर उरलेल्या लॅक्टोजचाही काही भाग निघून जातो. ज्यांना थोडेही सोसत नाही, त्यांना चक्का जास्त मानवतो. निवळी मात्र त्यांना देऊ नये.

साठवण

दही तयार होताच फ्रीजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवावे आणि साधारण आठवडाभरात संपवावे. पुढच्या विरजणासाठीचे २ चमचे पहिल्याच दिवशी स्वच्छ, कोरड्या डबीत वेगळे काढावेत. खरकटा चमचा दह्यात घालू नये. फ्रीज नसल्यास, किंवा भारनियमनात तो तासन् तास बंद राहत असल्यास, एका दिवसाला लागेल इतकेच लावावे. गुलाबी किंवा हिरवट बुरशी, तार सुटणे, कडवट वास यांपैकी काहीही दिसल्यास वरचा थर काढून उरलेले वापरू नये. सगळे टाकून द्यावे.

रुग्णाने सुरुवात एका चमच्याने करावी, दोन-तीन दिवस पाहावे आणि मगच प्रमाण वाढवावे. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर घरचे दही देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. बचत गट असे दही विकणार असतील, तर प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय डब्यावर ‘लॅक्टोजमुक्त’ असे लिहू नये. ‘२४ तास विरजलेले’ एवढेच लिहावे.