हातगडाच्या पाटीवर न मावणारा इतिहास

दोन वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन आम्ही नाशिकहून वणीमार्गे सापुताऱ्याला निघालो होतो. सुरगाणा तालुक्यात, सापुताऱ्याच्या अलीकडे पाच-सहा किलोमीटरवर रस्त्याकडेला 'हातगड किल्ला' अशी पाटी दिसली. सातवीतल्या एका मुलाने ती अडखळत वाचली आणि विचारले, "सर, ये किला अपना है या उनका?" मी "सबका है, बेटा" असे म्हणून मोकळा झालो. पण ते उत्तर टाळाटाळीचे होते, हे माझे मलाच कळत होते. त्या मुलाला नीट उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

पूर्वी किल्ल्याला पाटीची गरज नसे. शेरशाह सूरी आणि पुढे मुघल बादशहांनी उत्तर हिंदुस्थानातील हमरस्त्यांवर कोसमिनार बांधले; वाटसरूला त्यावरून अंतर कळे. आपल्या सह्याद्रीत ते काम डोंगर आणि किल्ल्यांनी केले. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याला लांबूनच गड दिसे, आणि कोणाचा अंमल चालू आहे, जकात कोणाला द्यायची, हेही समजे. सुरतेकडून नाशिककडे येणाऱ्या वाटेवर हातगड उभा आहे. ज्याच्या ताब्यात गड, त्याच्या ताब्यात वाट. म्हणून तर त्याच्यासाठी इतक्या लढाया झाल्या.

हातगडाची खरी पाटी कातळात कोरलेली आहे. गडावरच्या सोळाव्या शतकातल्या देवनागरी शिलालेखात बागलाणच्या बागुल राजाने हा गड बुऱ्हाण निजामशहाकडून जिंकून घेतल्याची नोंद आहे. वरवर पाहता हा हिंदू राजाने मुसलमान सुलतानाचा केलेला पराभव. पण हे दोघे कोण होते ते पाहू. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला होता. म्हणजे सुलतान याच मराठी मुलखातला. दुसरीकडे, त्याच शतकाच्या अखेरीस मुल्हेरच्या गादीवर बसलेल्या बागुल राजाचे नाव होते नारायणशाह, आणि त्याच्या वंशाचे गुणगान करणारे महाकाव्य रुद्रकवीने संस्कृतात १५९६ मध्ये लिहिले. नावात 'शाह', काव्य संस्कृत! दोन्ही दरबार एकमेकांचे पाणी प्यायलेले होते. लढाई होती ती घाटाच्या आणि महसुलाच्या मालकीची.

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बागलाणच्या किल्ल्यांचे वर्णन करताना साल्हेर आणि मुल्हेर यांच्या मजबुतीची खास नोंद केली आहे. पुढे १६३८ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या शहजादा औरंगजेबाने बागलाण मुघलांच्या अंमलाखाली आणला. १६७० मध्ये सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी वणी-दिंडोरीजवळ मुघल सरदार दाऊदखान कुरेशीच्या फौजेला धूळ चारली. १६७२ मध्ये साल्हेरच्या मैदानात मोठी लढाई झाली. मराठ्यांच्या बाजूने मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर होते. मुघलांच्या बाजूने जे सरदार पकडले गेले त्यांत इखलासखान होता, तसाच मोहकमसिंगही होता. महाराजांच्या आरमारात दौलतखान अधिकारी होता. धर्माप्रमाणे फौजा वाटायला बसलो, तर गणित जुळत नाही.

याच रस्त्यावर, नाशिक सोडल्यावर थोड्याच अंतरावर रामसेज दिसतो. १६८२ मध्ये मुघलांनी त्याला वेढा घातला आणि तो बरीच वर्षे दाद देईना. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून त्यांवर कातडे चढवले. हे आपल्याला कोणी सांगितले? मुघलांचा इतिहासकार खाफीखान याने. शत्रूच्या किल्लेदाराची हुशारी त्याने आपल्या फारसी ग्रंथात मोकळ्या मनाने नोंदवली. इतिहास लिहिण्याचे इमान म्हणतात ते हे.

आणि शेवटचा अध्याय १८१८ चा. पेशवाई बुडाली, त्र्यंबकगड पडला, नाशिक भागातले किल्ले एकामागून एक इंग्रजांच्या हाती गेले. मालेगावचा भुईकोट मात्र जवळजवळ महिनाभर लढला. किल्ला बांधला नारोशंकर राजेबहाद्दरांनी, आणि इंग्रजांविरुद्ध तो लढवला अरब शिपायांनी. मालेगावात राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी मुलांना हे सांगितले आहे?

मी वर्गात मुलांना शब्दांची यादी करायला लावतो. किल्ला, बुरूज, खंदक, हौद, तोफ, दरवाजा, फौज, हवालदार. उर्दूच्या तासाला शिकवलेले हे शब्द मराठीच्या तासालाही तसेच भेटतात, तेव्हा मुलांचे डोळे चमकतात. 'सबनीस' हे आडनाव फारसीतून आले हे त्यांना खरे वाटत नाही!

एक गोष्ट मात्र सगळ्याच पाट्यांवरून निसटते. गडाचे दगड वाहणारे, रात्री पहारा देणारे, वाटा दाखवणारे कोळी, कोकणा आणि इतर आदिवासी कुणाच्याच बखरीत नावानिशी नाहीत. सुरगाणा हे संस्थान होते, १९४८ मध्ये ते विलीन झाले. राजे गेले, सुलतान गेले, हे लोक आजही गडाच्या पायथ्याशी नागली पिकवतात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत साल्हेर आहे, हातगड नाही. साल्हेरचा मान हा आपल्या जिल्ह्याचा मान आहे, आणि तो आपणही मिरवला पाहिजे. पण पाट्या नव्या लागतील तेव्हा त्यांवर काय लिहिले जाते, इकडे आपले लक्ष हवे. नुसती तक्रार करून भागणार नाही. त्यासाठी आधी आपण स्वतः वाचले पाहिजे, गडावर चढले पाहिजे.

तो मुलगा आता नववीत आहे. पुढच्या सहलीत त्याला पाटीपाशी थांबवणार नाही, शिलालेखापर्यंत नेणार आहे. म्हणेन, "बेटा, अपना या उनका हे कातळाला विचार. त्यावर दोघांचीही नावे एकाच लेखात आहेत."