स्वस्ताईचा हिशेब : विसाव्या शतकाच्या मध्यातील बंगळूर

परमुलखात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या बैठकीत जुन्या काळाची गोष्ट निघाली, की सर्वांत आधी तोंडी येतो तो भाव. तांदूळ काय दराने मिळे, कॉफीला किती आणे पडत, घरभाडे किती असे, याची उजळणी मोठ्या हौसेने होते. आणि ऐकणारा तरुण मनात म्हणतो, की त्या काळचा नोकरदार म्हणजे राजाच असला पाहिजे. ही स्मरणयात्रा खोटी असते असे नव्हे, पण ती अर्धीच असते. वस्तूची किंमत लक्षात राहते. ती वस्तू मिळेपर्यंत, किंवा घरची वार्ता कळेपर्यंत, किती ताटकळावे लागे हा खर्च कोणाच्याही जमाखर्चात लिहिलेला सापडत नाही. साधारणतः १९४० ते १९६६ या काळातील बंगळूरचा हिशेब या दुसऱ्या खात्यासह मांडून पाहावा, असे पुष्कळ दिवस मनात होते.

बंगळूरचा आणि आपला संबंध जुना आहे. शहाजीराजांची जहागीर, १६८७ साली चिक्कदेवराजाच्या हाती गेलेले शहर, पूर्णय्यांचा कारभार, आनंदराव दिवाणांच्या नावाचा चौक, हे सारे आपल्या मंडळांतील व्याख्यानांतून इतक्या वेळा ऐकावयास मिळते, की येथे त्याची पुनरुक्ती नको. या लेखाचा विषय जहागीरदार नाही. बदलीचा हुकूम खिशात घालून ट्रंक आणि वळकटीसह स्टेशनावर उतरलेला मनुष्य आहे.

त्याला येथे आणणाऱ्या पहिल्या मोठ्या संस्थेत सोलापूरचे भांडवल आणि अमेरिकेचे कसब एकत्र आले होते. डिसेंबर १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साह्याने हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला. त्यात विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाचा हात होता. पुढच्याच वर्षी तेथे जुळवलेले हार्लो जातीचे विमान आकाशात गेले. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन वायुदलाच्या ताब्यात आला आणि युद्ध संपेपर्यंत तेथे विमानांच्या दुरुस्तीचे काम चालले. ज्या शहरात पेठेचा कारभार म्हैसूरच्या महाराजांकडे आणि छावणीचा इंग्रजांकडे होता, त्यात ही तिसरी वसाहत पडली. छावणीचा मुलूख म्हैसूरला परत मिळाला तो जुलै १९४७ मध्ये, आणि दोन्ही भागांची मिळून एक महानगरपालिका झाली ती १९४९ साली. तोवर एका शहरात दोन शहरे नांदत होती, आणि दोन्हींतील बाजार, भाषा व करमणूक यांत चांगलेच अंतर होते.

युद्धकाळाच्या स्वस्ताईचे गोडवे गाणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. दक्षिणेत तांदूळ बंद होणे म्हणजे काय, हे पोळीभाकरीच्या मुलखातून आलेल्या मनुष्याला एकदम उमजत नाही. भाव सरकारने बांधून दिला खरा. पण शिधापत्रिकेवरचा भाव म्हणजे शिधापत्रिकेवर जेवढे मिळेल तेवढ्याचाच भाव. लालबागेजवळच्या मावळ्ळी टिफिन रूम्सची परंपरा सांगते, की त्यांची प्रसिद्ध रवा इडली याच टंचाईत जन्मली. तांदूळ नाही म्हणून रवा आला. आज ती इडली चवीने खाणाऱ्याला ती नाइलाजाची संतती आहे याची आठवणही राहत नाही, आणि राहावी अशी अपेक्षाही नाही.

स्वातंत्र्यानंतर कारखाने वाढले: १९४८ मध्ये टेलिफोनचा, १९५३ मध्ये यंत्रसामग्रीचा, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. केंद्र सरकारच्या या उद्योगांनी नाना प्रांतांची माणसे येथे आणली आणि त्यांत मराठीही आली. परंतु मराठी कारकुनांचा आणि अधिकाऱ्यांचा मोठा लोंढा वाहिला तो १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने. मुंबई राज्यातील बेळगाव, विजापूर, धारवाड व कारवार हे जिल्हे, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेले, आणि त्यांच्याबरोबर कचेऱ्यांतील माणसेही वाटली गेली. काल ज्याचा वरिष्ठ मुंबईच्या सचिवालयात बसत होता, त्याची फाईल आज बंगळूरच्या नव्या विधानसौधात जाऊ लागली. ज्येष्ठतेच्या याद्यांवरून उठलेले वाद पुढे कित्येक वर्षे चालले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्याला आपल्या नोकरीचे मूळ वर्ष कोणते धरले जाणार हेच ठाऊक नाही, त्याला तांदळाच्या स्वस्ताईचे कौतुक कितपत वाटले असेल?

त्यातच १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर भाग झाले. कोष्टकात एका आण्याचे सहा, दोनांचे बारा, तीनांचे एकोणीस आणि चारांचे पंचवीस नवे पैसे दिले होते. यातली गंमत चाणाक्ष गृहिणीच्या लगेच ध्यानात येण्यासारखी होती. एकेक आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर चोवीस पैसे, आणि एकदम घेतली तर पंचवीस! १९५८ पासून शेर आणि मण यांच्या जागी टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. एका वर्षी नाणे बदललेले, दुसऱ्या वर्षी वजन बदललेले. तेव्हा ‘पूर्वी अमुक इतक्याला मिळत होते’ हे वाक्य किती भरवशाचे समजावे, याचा विचार वाचकांनीच करावा.

भावांची तुलना करावयाचीच तर अशी वस्तू घ्यावी, की जिची किंमत सर्वत्र एक असते आणि जी परमुलखातल्या माणसाला मीठमिरचीइतकी लागते. ती वस्तू म्हणजे टपालाचे पाकीट. १९५९ साली आपल्याकडे साध्या पाकिटास १५ नवे पैसे पडत. त्याच वर्षी अमेरिकेत पत्रास चार सेंट लागत. त्या वेळच्या ४ रुपये ७६ पैसे या दराने त्याचे १९ नवे पैसे होतात. म्हणजे पत्र पाठवणे अमेरिकेपेक्षा आपल्याकडे स्वस्त होते, असे कोणीही म्हणेल. आता दुसरी बाजू पाहा. अमेरिकेत कायद्याने ठरलेली किमान मजुरी तासाला एक डॉलर होती. तासाभराच्या श्रमात पंचवीस पत्रे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या नोकरास, दुसऱ्या वेतन आयोगाने १९५९ मध्ये शिफारस केलेले, महिना ८० रुपये धरा. महिन्याचे काम दोनशे तासांचे मानले, तर तासाला ४० नवे पैसे पडतात. त्यांत तीन पत्रेसुद्धा बसत नाहीत. आणि पहिल्या आयोगाने १९४७ मध्ये हाच आकडा महागाईभत्त्यासह ५५ वर ठेवला होता! स्वस्त होते ते पत्र. पत्र लिहिणाऱ्याचे श्रम त्याहूनही स्वस्त होते.

करमणुकीच्या बाबतीत मात्र बंगळूर श्रीमंत होते. छावणीत प्लाझा, रेक्स, बी.आर.व्ही. अशा चित्रगृहांत अमेरिकन चित्रपट लागत, आणि हॉलिवुडच्या पडद्यावरची स्वयंपाकघरे, मोटारी व शीतकपाटे पाहून अमेरिकेच्या घरगुती जीवनाची कल्पना करता येई. ती कितपत खरी हा प्रश्न वेगळा. पेठेकडे कानडी, तमिळ, हिंदी. येथे एक गोष्ट अगत्याने सांगितली पाहिजे. पहिला कानडी बोलपट ‘सती सुलोचना’ १९३४ साली बंगळूरात प्रदर्शित झाला. त्याचे चित्रण झाले होते कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. सीमेवरून आपण पुढे पुष्कळ भांडलो, पण कानडी पडद्याला वाचा फुटली ती पंचगंगेच्या काठी, हे दोन्ही पक्षांनी ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

रेडिओची कथा अधिक विचित्र आहे. ‘आकाशवाणी’ हे नाव ज्या केंद्राला प्रथम मिळाले, ते डॉ. गोपालस्वामींचे म्हैसूरचे केंद्र १९३५ मधले; नोव्हेंबर १९५५ मध्ये ते बंगळूरला आले. तोवर दिल्लीत नभोवाणीखाते होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे. हे पुण्याचे गृहस्थ, अभिजात संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या कारकिर्दीत, १९५२ साली, चित्रपटगीते सरकारी नभोवाणीवरून हद्दपार झाली. परिणाम असा झाला, की श्रोत्यांनी सुई फिरवून कोलंबो लावले. महायुद्धात मित्रसैन्यासाठी सिलोनमध्ये उभारलेले प्रक्षेपक आता बिनाका गीतमाला ऐकवीत होते. वर्षाला पंधरा रुपयांचा परवाना आपल्या सरकारच्या टपालखात्यात भरावयाचा आणि गाणी ऐकावयाची परदेशाची! अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये विविधभारती निघाली. केसकरांचा हेतू उदात्त होता याबद्दल मला शंका नाही. पण रुची ही हुकमाने घडत नाही, आणि हुकूम काढणारा मराठी होता म्हणून आपण त्याची बाजू घ्यावी असेही नाही.

मराठी कानांना मात्र या काळात मोठा उपवास घडला. गीतरामायण पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, दर आठवड्यास एक गीत असे प्रसारित झाले. पुण्यात सकाळी रस्ते शांत होत, असे ज्यांनी अनुभवले ते सांगत. मध्यमलहर दिवसा फार दूर पोचत नाही. तेव्हा त्या सकाळी बंगळूरच्या मराठी घरात गीतरामायण नव्हते. त्या कुटुंबांना ते आधी छापील शब्दांत भेटले, चाली मागाहून आल्या.

बातमीचेही तसेच. बंगळूरात १९४८ साली ‘डेक्कन हेराल्ड’ आणि ‘प्रजावाणी’ निघाली, आणि शहराला आपली दैनिके मिळाली. पण मराठी मनुष्याला केसरी हवा होता, सकाळ हवा होता. सकाळचे संस्थापक नानासाहेब परुळेकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले; ताजी आणि स्थानिक बातमी हे वृत्तपत्राचे प्राण होत, हा अमेरिकन धडा त्यांनी १९३२ पासून पुण्यात गिरवला. तीच ताजी बातमी मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी, हरिहर, अरसीकेरे अशी मीटरमापी रुळांवरून बंगळूरला येईपर्यंत शिळी होई. तरी ती घडीवर घडी घालून, एका घरातून दुसऱ्या घरात जात वाचली जाई.

१६ जानेवारी १९५६ च्या रात्री पंडित नेहरूंनी नभोवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले. हे शब्द पुण्यात, मुंबईत आणि बंगळूरात एकाच क्षणी पोचले. त्यानंतर मुंबईच्या रस्त्यांवर जे घडले, जो गोळीबार झाला, जे बळी पडले, त्यांच्या तपशिलासाठी मात्र बंगळूरच्या मराठी माणसाला मराठी पत्र येण्याची वाट पाहावी लागे. तोवर कचेरीत जाऊन, शेजारच्या टेबलावरच्या कानडी सहकाऱ्याशी नेहमीप्रमाणे बोलणे भाग होते. त्याच सुमारास तोही आपल्या भाषेच्या राज्याची वाट पाहत होता. चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले. ज्यांना पद सोडणे शक्य नव्हते अशा सामान्य नोकरांनी काय केले, हे कोणत्याच इतिहासात येत नाही.

राजकीय बातमी निदान आकाशातून येत असे. घरची बातमी जमिनीवरूनच यावयाची. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले. पूल पाण्याखाली गेले, वीज गेली. नारायण पेठेत किंवा शनिवारात ज्याचे वृद्ध आईवडील होते, अशा बंगळूरातील मनुष्यापाशी त्या दिवशी कोणती साधने होती? नभोवाणीने पूर आल्याचे सांगितले, पण नभोवाणी घरांचे क्रमांक सांगत नाही. तार करावी, तर ती घेऊन जाणारा चिखलातून कोठवर जाणार? ट्रंककॉल ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा तीन प्रतींत मिळत असे, आणि जितकी घाई तितके पैसे. पण पलीकडे टेलिफोन असावा लागतो, आणि सामान्य वाड्यात तो नसे. टेलिफोनची यंत्रे बनत होती ती याच बंगळूरात, दूरवाणीनगरात. परगावचा क्रमांक स्वतः फिरवून बोलण्याची सोय देशात आदल्याच नोव्हेंबरात सुरू झाली होती, पण ती कानपूर आणि लखनौ यांच्यापुरती. पुणे आणि बंगळूर यांच्यामध्ये त्या आठवड्यात जे काही होते, ते रुळांवरून येणारे टपाल. दहा नव्या पैशांचे अंतर्देशीय पत्र, बहुधा कोणा शेजाऱ्याच्या हस्ताक्षरातले, आणि ते येईपर्यंत दारावरून जाणाऱ्या पोस्टमनच्या सायकलकडे लागलेले डोळे.